उजव्या हाताचा कबुलीजबाब

ती. मावशी,

लांबूनच नमस्कार. (जवळून केला असता तर माझा कान तुझ्या हातात आला असता.) चार महिने तुला पत्र लिहायचं टाळलं. लिहायला बसलं की खरं लिहावं लागतं, आणि खरं लिहायचं म्हटलं की मला खिडकीबाहेर बघावंसं वाटतं. आत्ताही समोरच्या गच्चीत एक गृहस्थ गादी झोडपतायत. काय बिघडवलंय त्या गादीनं कोण जाणे! असो. तुझे गुडघे कसे आहेत? तुझा टायपिंगचा क्लास जोरात ना?

मी अजून वकीलबाईंकडेच आहे. पाचवा महिना! (सर्कशीत अकरा दिवस, बेकरीत तीन आठवडे, हा इतिहास तुला पाठ आहेच.) इथे जीव रमलाय. अर्ज, करारनामे, भावाभावांची भांडणं टाइप करायची. बसल्या जागी एवढी करमणूक कुठे मिळणार? पण डावं मनगट इतकं दुखायला लागलं की डब्याचं झाकणही उघडेना. बाई मायाळू. स्वतः दुकानात जाऊन त्यांनी माझ्यासाठी मधोमध दोन तुकडे केलेला कीबोर्ड आणला. मला वाटलं, वाटेत पडला बिचारा. तर तो तसाच असतो म्हणे! एक तुकडा डाव्या खांद्यासमोर, एक उजव्या, दोन्ही छपरासारखे जरा उतरते. मावशी, काय सुख! खांदे खाली येतात, मनगटं सरळ होतात, छाती अशी रुंद होते की आपण कारकून नसून जमीनदार आहोत असं वाटतं.

आणि तिथेच माझं बिंग फुटलं. माझा डावा हात उजव्या तुकड्यावर जाईना! मध्ये वीतभर नुसतं टेबल. बोटं सवयीनं धावायची आणि लाकडावर टकटक करायची. दोन दिवस मी तुकडे गुपचूप जोडून ठेवले. मनगट पुन्हा ठणकलं. बाईंनी ते पुन्हा लांब केले आणि त्या मोकळ्या जागेत स्वतःचा चहा ठेवला. माझ्या डाव्या हातानं चहावरून उडी मारली. अर्धीच. कप एका आजोबांच्या मृत्युपत्रावर उपडा. (आजोबा ठणठणीत आहेत. आले, हसले, पुन्हा सही करून गेले.)

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, तुझा उजवा हात काय पाहुणा आहे का? सोमवारपर्यंत त्याला कामाला लाव, नाहीतर दोन्ही हात घेऊन घरी जा!"

बाकी सगळं छान. हवा चांगली आहे.

तुझा,
भटक्या

ता. क. कबूल करतो. तुझ्या क्लासात डाव्या हाताचे धडे संपले आणि उजव्याचे सुरू होणार त्याच्या आदल्या दिवशी मी पळालो. परत आल्यावर दुसऱ्या क्लासात शिकून घेतलं म्हणालो, तेही खोटं. 'दहाही बोटांनी टाइप करतो' अशी चिठ्ठी तू बाईंना दिलीस, ती त्यांनी अजून जपून ठेवलीय.

ता. क. २. म्हणून विनंती: उजव्या हाताचे धडे पत्रानं पाठव. मला इथून खरंच जायचं नाहीये गं. आणि बाईंना यातलं काही कळवू नकोस.

ता. क. ३. फाटकाशी गाडी थांबलीय. बाई लगबगीनं सामोऱ्या गेल्यात, म्हणजे बोलावणं त्यांचंच. गाडीतून जी उतरतेय तिच्या एका हातात पिशवी आहे, दुसऱ्यात क्लासात बोटांवर बसायची ती तुझी लाकडी फूटपट्टी. मावशी, गुडघे सांभाळ, पायऱ्या उंच आहेत! पिशवी घ्यायला येतोय. उजव्या हातानं.