टॉवरमधल्या बाईंना सांगायचे ते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हा कागद मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. माझे पती, मालवाहू विमानाचे वैमानिक, तीन वर्षांपूर्वी घरीच हृदयविकाराने गेले. यापुढे त्यांना 'हे' असे म्हटले आहे. दुसरे काही म्हणायची मला सवय नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, पुतणीला. खिडकीजवळची खुर्ची ह्यांची. ती रिकामी ठेवण्याची सक्ती नाही. मी ठेवते, कारण मला तिच्यात बसवत नाही.

२. शिलाई मशीन व कात्र्याही पुतणीलाच. याच मशीनवर मी उड्डाणशाळेसाठी कापडी झापडे शिवली. ती कपाळावर बांधली की शिकणाऱ्याला बाहेरचे दिसत नाही, समोरचे काटे तेवढे दिसतात. ढगात उडण्याचा सराव असा करतात. शिवण बाहेरच्या अंगाला घ्यावी, नाहीतर टोचते.

३. पुस्तके वाचनालयाला. शाळा मला सातवीपर्यंतच. ह्यांची नियमांची जाडजूड पुस्तके मी शब्दकोश घेऊन वाचली, पण ज्ञानाच्या हौसेने नव्हे. विमानतळाच्या टॉवरमधली नियंत्रक बाई रेडिओवरून ह्यांच्याशी रोज काय बोलते, ते मला कळायला हवे होते.

४. नणंदेला काही नाही. "वैमानिकाची बायको, आणि जन्मात विमानात बसली नाही!" असे ती चारचौघींत म्हणाली. खरे होते, म्हणून जास्त लागले.

५. ढगातून उतरायच्या वाटांचे तक्ते, ह्यांच्या पेन्सिलीच्या टिपांसह, टॉवरमधल्या बाईंना. त्यांनी मागितले तेव्हा मी "रद्दीत गेले" म्हणाले. गेले नव्हते. कपाटात चादरींखाली आहेत.

६. याच बाईंना आणखी एक गोष्ट द्यायची आहे.

नियम असा, की नियंत्रक जे सांगेल ते वैमानिकाने लगेच परत म्हणून दाखवायचे, म्हणजे ऐकण्यात चूक असेल तर पकडता येते. मी "येताना दूध आणा" म्हटले तर हे नुसते "हं" म्हणायचे. तिचा मात्र आकडा न् आकडा परत म्हणायचे. जेवणाच्या टेबलावर सरावासाठी मी तिच्या जागी बोलायची, तर म्हणत, "अगं, इतकं भरभर नको. त्या बघ कशा सावकाश बोलतात!"

असे हे एका सकाळी म्हणाले, आणि माझा तोल गेला. "मग आजपासून डबाही त्यांच्याकडूनच न्या," म्हणाले मी, आणि दार आपटले. हे डबा न घेता गेले.

दुपारी परतताना दाट ढग होते. बाईंनी हवेचा दाब सांगितला, नऊ-नऊ-तीन. तो उंचीच्या यंत्रात भरायचा असतो. ह्यांनी परत म्हटले, एक-शून्य-शून्य-तीन. तो सकाळचा आकडा होता. दहाचा फरक म्हणजे विमान काटा दाखवतो त्यापेक्षा जवळजवळ तीनशे फूट खाली, आणि वाटेत टेकडी. बाई म्हणाल्या, "नाही. नऊ-नऊ-तीन. पुन्हा सांगा." हे सुखरूप उतरले.

बाईंनी नियमाप्रमाणे ती चूक वर कळवली. त्या अहवालाची प्रत घरी आली, ती मी शब्द न् शब्द वाचली. फेरपरीक्षेत हे पास झाले, पण पुन्हा ढगात शिरले नाहीत. उड्डाणशाळेत जमिनीवर शिकवायला लागले. घरी एवढेच म्हणाले, "तुझ्या भांडणातच होतो गं मी." पुन्हा कधी विषय काढला नाही.

हे गेल्यावर बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "वहिनी, मीच घाईत बोलले असणार. नाहीतर ते चुकणारे नव्हते. माझ्यामुळे त्यांचं उडणं गेलं."

मी म्हणाले, "असेलही."

त्यांचा चेहरा उतरला आणि मला बरे वाटले. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरे वाटले हे खरे.

तरी नोंद असावी. बाई, तुम्ही स्पष्टच बोलला होता. भांडण मी काढले होते. त्यानंतरची ह्यांची एकवीस वर्षे तुम्ही वाचवलीत, आणि ती सगळी मला मिळाली.

७. वरचे कलम वाचून साक्षीला आलेल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल म्हणाल्या, "हे त्यांना तुम्ही गेल्यावर कळणार? आणि त्याच आधी गेल्या तर?" बाई माझ्याच वयाच्या आहेत. म्हणून आज फोन केला. रविवारी येतात. चहा करीन, गोड बोलेनच असे नाही. सांगून झाले, तर कलम सहा खोडावे. मी गप्प बसले आणि त्या तशाच परत गेल्या, तर सोमवारी सकाळी साक्षीदारांनी हा कागद त्यांच्या हातात द्यावा. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले व वाचून पाहिले.

सही: वैमानिकांची पत्नी
साक्षीदार एक: शेजारचे दंतवैद्य (सही)
साक्षीदार दोन: वाचनालयाच्या ग्रंथपाल (सही)
ठिकाण: राहते घर
तारीख: १९ फेब्रुवारी, मंगळवार