बॉयलरघरातली सही

३ फेब्रुवारी

चि. ठकू हिस आईचे अनेक आशीर्वाद,

पत्र पोचलं. आठवीच्या पोरांना तू गणित शिकवतेस की ती पोरं तुला, असा प्रश्न पडला वाचून. जेवत जा वेळेवर. वसतिगृहाच्या स्वयंपाकाला नावं ठेवून पोट भरत नाही.

आता बातमी. आधी खुर्चीवर बस. मी बॉयलरचालकाच्या परीक्षेचा अर्ज भरला. हो, तुझ्याच आईने, बावन्नाव्या वर्षी! बाबांच्या जागी आलेले मिस्त्री जूनमध्ये नोकरी सोडताहेत. ती जागा मला हवी. हवी म्हणजे हवीच.

बाबांच्या छातीने दगा दिला तेव्हापासून ते गेले तोवर, अकरा वर्षं, ते स्टुलावर बसून होते आणि रुग्णालयाच्या धुलाईघराचा बॉयलर मी पेटवत होते. हे तुला माहीत, मला माहीत. कागदोपत्री मात्र मी चादरींच्या घड्या घालणारी बाई. अजूनही वाफेच्या दाबाचा काटा वर चढेना की मिस्त्री मागच्या दाराने मलाच हाक मारतात.

घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. दोन वर्षं बॉयलर सांभाळल्याचा पुरावा निकालाआधी द्यावा लागतो. व्यवस्थापकसाहेबांकडे पत्र मागायला गेले, तर म्हणाले, बाईने बॉयलर चालवला असं लिहून दिलं तर माझीच मान अडकेल. वर हसून म्हणाले, घड्या इतक्या छान घालता, मग कशाला ही भलती हौस? मी परत घड्यांच्या टेबलाशी गेले. संध्याकाळपर्यंत चादरींच्या ज्या घड्या घातल्या त्यांतली मात्र एकही सरळ आली नाही.

लोभ आहेच, पत्र लवकर टाकलंस तर वाढेल.

तुझी,
आई

११ फेब्रुवारी

ती. आईस तुझ्या ठकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिक्षकखोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. एका सरांनी विचारलं, बायकांना जमेल का ते? मी म्हटलं, जमेल का काय, अकरा वर्षं जमतंच आहे. मग त्यांनी चहाकडे लक्ष दिलं.

खरं सांगू? मला अजून तो सत्काराचा दिवस टोचतो. बाबांना उत्तम बॉयलरचालक म्हणून घड्याळ मिळालं, आणि तू शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. मी शाळकरी पोर, तरी मला कळत होतं. घरी आल्यावर बाबांनी ते घड्याळ तुझ्या उशाशी ठेवलं. बाबा वाईट नव्हते गं, पण तोंड उघडायला हवं होतं त्यांनी. तूही.

पुराव्याचं नंतर बघू. आधी परीक्षा दे. बॉयलरच्या पुस्तकातली गणितं अडली तर पाठव, फुकट शिकवीन. आठवीच्या पोरांपेक्षा तू कमी मस्ती करशील अशी आशा आहे. या पोरीवरचा जीव असाच राहू दे.

तुझी,
ठकी

२ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद,

परीक्षा झाली, आणि मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

तोंडी परीक्षा तर अशी झाली की काय सांगू! चौदा उमेदवार, तेरा पुरुष आणि मी. परीक्षक म्हातारे, कपाळाला आठ्या. त्यांनी विचारलं, बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल? माझ्या आधीचे तिघे म्हणाले, ताबडतोब पाणी सोडू. मी म्हटलं, तापलेल्या पत्र्यावर गार पाणी सोडलं तर बॉयलर फुटेल आणि आपणही जाऊ. आधी आग बंद करायची, मग बॉयलर निवेपर्यंत हात बांधून बसायचं. त्यांनी आठ्या सोडल्या आणि विचारलं, कुठे शिकलात? मी म्हटलं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, साहेब.

लेखीही छान गेली. घरी येताना पूल ओलांडताना एकदम डोक्यात वीज चमकली. उत्तरपत्रिकेच्या चारही पानांखाली उमेदवाराची सही करायची होती. ठकू, मी चारही ठिकाणी तुझ्या बाबांचं नाव लिहून आले!

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. नोंदवहीत दर तासाला दाब आणि पाणी लिहून खाली सही लागते. अखेरच्या वर्षांत त्यांचा हात थरथरायचा. मग सहीही मीच करायची, त्यांच्या नावाने. बॉयलरचा कागद समोर आला की हात आपोआप तेच लिहितो. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण! आता परीक्षक म्हणतील, मेलेल्या माणसाची उत्तरपत्रिका आली. वर खोट्या सह्यांचा ठपका. मागच्या दाराने मिस्त्रींच्या मदतीला जाणंही बंद होईल.

दोन दिवस घरात चूल पेटवलेली नाही.

आई

९ मार्च

ती. आईस सा. न.,

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. वेडी आहेस तू.

आता नीट ऐक. त्या आठ्यावाल्या परीक्षकांना आजच्या आज पत्र लिही. काही लपवू नकोस. अकरा वर्षं सांग, स्टूल सांग, सह्या सांग. तुझ्याकडे पुरावा नाही म्हणून तू रडत होतीस ना? अगं, नोंदवह्या भरभरून तुझाच हात आहे! तू चुकून केलेली सही आणि त्या सह्या शेजारी ठेवायला सांग. ठपका आला तर येऊ दे. घाबरून गप्प बसलो त्यात बाबांची उरलेली वर्षं गेली. तुझी जाऊ द्यायची नाहीत मला.

पत्र टाकल्याशिवाय जेवायचं नाही. छे, जेवून टाक, पण टाक.

तुझी, हुकूम सोडणारी,
ठकी

१८ एप्रिल

चि. ठकू हिस उदंड आशीर्वाद,

तुझा हुकूम मानला. कुठून सुरुवात करू?

परवा परीक्षकसाहेब न कळवता धुलाईघरात हजर. काखेत माझी तपासून पास केलेली उत्तरपत्रिका. जुन्या नोंदवह्या मागवल्या, व्यवस्थापकसाहेबांच्या टेबलावर उघडल्या आणि सही शेजारी सही धरली. नंतरनंतरच्या वह्यांत पान उलटावं तिथे तोच हात. व्यवस्थापकसाहेब म्हणाले, आम्हाला काही कल्पना नव्हती. तेवढ्यात मिस्त्री पुढे झाले. मला वाटलं, हा माणूस आता अंग काढून घेणार. पण नाही गं! सगळ्यांसमोर म्हणाले, मी आल्यापासून अडलं की यांनाच बोलावतो, आणि साहेब, तुम्हीच मला सांगितलं होतंत की घडीवालीला विचारा.

व्यवस्थापकसाहेबांचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

परीक्षकांनी मला बॉयलर विझवून पुन्हा पेटवायला सांगितला. धुलाईच्या, इस्त्रीच्या, घड्यांच्या सगळ्या बायका दारात येऊन उभ्या. मी पाणी पाहिलं, झडप पाहिली, आग लावली. काटा हळूहळू चढत गेला आणि हव्या तिथे येऊन थांबला. पलीकडे इस्त्रीचं यंत्र फिरायला लागलं, तशी बायकांनी असा गलका केला की वरच्या मजल्यावरून परिचारिका धावत आल्या, काय फुटलं म्हणून!

खोट्या सह्यांबद्दल मला लेखी समज मिळाली. ती मी निमूटपणे घेतली, चूक होतीच. व्यवस्थापकसाहेबांना त्याहून मोठी मिळाली. मग परीक्षकांनी दाखल्याचा कागद काढला आणि दोनदा बजावलं, बाई, आता आपली सही करा. केली. इतकी वेडीवाकडी आली की पहिलीतल्या पोरीची बरी. तुझ्या बाबांची सही डोळे मिटून येते, स्वतःची मात्र आठवून करावी लागली. मग कोपऱ्यात जाऊन मनसोक्त रडले. तुझ्या बाबांवर रागावलेही थोडी. मग तोही राग गेला.

जूनपासून बॉयलरघर माझं. इस्त्रीवाल्या दोघी शिकायला येणार म्हणताहेत. त्यांची नावं पहिल्या दिवसापासून वहीत त्यांच्या त्यांच्या हाताने चढतील, ही माझी एकच अट आहे.

तुझ्या त्या शिक्षकखोलीतल्या सरांना माझा नमस्कार सांग. आणि लेकी, तुझा लोभ माझ्यावर असाच राहू दे.

तुझी आई,
बॉयलरचालक,
दाखला दोन दिवसांचा, अनुभव अकरा वर्षांचा