तळहातावरचा भात

आई, वॉर्डातून आल्यापासून घरभर येरझाऱ्या घालतेय. चहा केला, तो ओट्यावर गार झाला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी एका जागी बस." बसलेय, पण पाय हलतोच आहे.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, ते तुला शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही तेव्हा सांगता आलं नाही. आता कॅन्सर झालेल्या मुलांबरोबर काम करते. औषधांनी बोटांतली ताकद जाते. बटण लावणं, पेन्सिल धरणं, जेवणं, सगळं नव्याने शिकवायचं. आणि त्यांच्या आयांना शिकवायचं की हात लावू नका. ते जास्त अवघड.

सध्या एक सहा वर्षांची मुलगी आहे. वडील शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात, आई सतत उशाशी. लेकीला एक घासही स्वतःहून घेऊ देत नव्हती. मी चिडले, आणि मग तुझीच युक्ती काढली. बाबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये शेजारच्या तमिळ मामींकडून तू ती उचलली होतीस. आम्ही भावंडं गोल बसलोय, तू कालवलेल्या भाताचा गोळा एकेकाच्या तळहातावर ठेवतेस, अंगठ्याने खळगा करून त्यात सांबार सोडतेस. ते ओघळायच्या आत तोंडात गेलं पाहिजे. मी हात मागे घेतला की दटावतेस, "पुढे कर. सांडलं तर पुसता येतं."

इथेही आधी चादरीवर सांडलं, पुसलं. काल मात्र तिने दोन घास स्वतः खाल्ले. मी खूश. तिची आई नळाशी हात धुता धुता तमिळमध्ये म्हणाली, "मॅडम, पुढचा रिपोर्ट वाईट आला तर? मग माझं भरवायचं राहूनच गेलं ना?" मी म्हटलं, स्वतःच्या हाताने जेवलं की मूल पेशंट राहत नाही. हे खरं आहे, मी पाहिलंय. तिने मान डोलावली आणि हात मागे बांधून उभी राहिली. ते हात डोळ्यांसमोरून जात नाहीत. मला तिचा राग येतो, माझा येतो, त्या रिपोर्टचा तर येतोच. आपण बरोबर करतोय का, हे कुणाला विचारू?

हे तुला पोचणार नाही, ठाऊक आहे. पण त्या मुलीच्या आईला सांगायची छाती नाही, म्हणून तुला सांगते. आज दुपारी ती खाली औषधं आणायला गेली होती. मुलीचा हात उचलेना, भात तळहातावर तसाच. "अक्का, तूच दे ना," म्हणाली. मी दाराकडे पाहिलं आणि तिला भरवलं, ताटली संपेपर्यंत. तिची आई आली, रिकामी ताटली पाहून थबकली. "स्वतःच्या हाताने जेवली?"

मी हो म्हटलं.