मधलं नाव

९ ऑगस्ट १९९८, रविवार
संध्याकाळी साडेसहाला उषाचा रविवारचा फोन, खाली मालकीणबाई शांतक्कांकडे. तिला जर्मनीत जाऊन चार महिने झाले. कंपनीने मुक्काम दोन वर्षांनी वाढवलाय. मी तिकडे जायचं तर आधी तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात तिचा जोडीदार म्हणून नाव घालायला हवं. "तुम्हाला कमाई नाही अशी सही लागेल. चालेल ना?" म्हटलं, चालेल. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दीड वर्ष झालं, खोटं काय त्यात. 
गाठीचं बोललो नाही.

१० ऑगस्ट, सोम.
गाठ दाढी करताना हाताला लागली, त्याला दहा दिवस झाले. मानेवर उजवीकडे, कॉलर बसते तिथे. दुखत नाही. दुखत नाही हेच वाईट, असं कुठेतरी वाचलंय. शेवटी जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर काढला. ड्रॉइंग बोर्डावर बावीस वर्षं काढलेला माणूस स्वतःलाही मोजणारच.
१३.४ मि.मी., कातडीसकट. यापुढे नुसतं 'व्ह.' लिहीन.

१३ ऑगस्ट, गुरु.
कारखान्यातला गुरुराज आला होता. हल्ली विम्याची एजन्सी करतो. जर्मनीचं सांगितलं (गाठीचं नाही). म्हणाला, "निपाणीकर, इन्शुरन्स कुठलाही असू दे, पहिला क्वेश्चन आजाराचा. ठाऊक असून लपवलं की संपलं. पॉलिसी कॅन्सल, वर बायकोच्या नोकरीला बट्टा."
चहा केला त्याच्यासाठी. साखर घालायची राहिली. तो तसाच प्याला.

१७ ऑगस्ट, सोम.
हंड्रेड फीट रोडवरच्या डॉक्टरांकडे. दोन बोटांनी चाचपलं, खिडकीबाहेर बघत. सुई घालून तपासू म्हणाले, आजच. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येतो. "भीती वाटते?" नाही म्हटलं. धादांत खोटं.
पण हिशेब सरळ आहे. तपासलं की कळलं. कळलं की फॉर्मवर लिहावं लागणार. न कळलेला आजार कोण लपवणार? आधी सही, मग सुई.
व्ह. १३.९.

२३ ऑगस्ट, रवि.
फॉर्म उषाच भरतेय. मला फक्त फोटो आणि कोऱ्या जागी दोन सह्या पाठवायच्या. इंदिरानगरच्या स्टुडिओत गेलो. वरचं बटण लावलं, कॉलर वर ओढली. फोटोवाला म्हणाला, "सार, स्वल्प... थोडं फ्री बसा." फोटो बरा आलाय. गाठ दिसत नाही. अंगठ्याने झाकून, काढून, दहादा पाहिला.
आता फक्त वाट पाहायची.

३० ऑगस्ट, रवि.
फोन आला नाही. शेपूची भाजी केली, करपली. व्ह. १४.६. की मी जोरात दाबतोय?

६ सप्टेंबर, रवि.
फॉर्म परत आला. कारण ऐकून शांतक्कासुद्धा हसल्या.
उषाच्या पासपोर्टवर 'उषा दत्तात्रय निपाणीकर'. जोडीदाराचं नाव 'दत्तात्रय निपाणीकर'. तिथल्या कारकून बाईंचं म्हणणं, दत्तात्रय हे तुमचंच दुसरं नाव आहे, तुम्ही स्वतःलाच नवरा म्हणून कसं घालता? उषाने पाऊण तास समजावलं, आमच्यात नवऱ्याचं नाव मधे येतं म्हणून. बाई म्हणाल्या, मग त्यांच्या नावात तुमचं कुठे आहे?
उषा म्हणाली, "पंधरा-वीस वेळा तुमचं नाव घ्यायला लागलं हो. एकेक अक्षर. घाम फुटला."
लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही तिच्या मावशीने रचून दिलेलं. त्यानंतर अठरा वर्षं नुसतं 'अहो'.
खूप हसलो. वर आल्यावर मात्र कॅलेंडर पाहिलं. फॉर्म परत म्हणजे आणखी तीन आठवडे. गाठीला कोण सांगणार थांब म्हणून?

१० सप्टेंबर, गुरु.
कोर्टाजवळ नोटरीकडे. त्यांनी टाइप करून दिलं: दत्तात्रय ही स्वतंत्र व्यक्ती असून हयात आहे. 'हयात'वर नजर अडकली. सही रेघेबाहेर गेली. नोटरी म्हणाले, "सरी, असू दे, दुसऱ्या कागदावर करा."
व्ह. १५.१.

१८ सप्टेंबर, शुक्र.
डॉक्टरांच्या दवाखान्यावरून जायचं टाळून दोन गल्ल्या वळसा घातला. रोजचाच रस्ता झालाय तो.
ताप नाही. वजन दीड किलो कमी. एकट्याने करून खाल्लं की होतंच.
व्ह. १६.०. तीनदा घेतला, तीनदा तेच.

२७ सप्टेंबर, रवि.
नाव मान्य झालं. मी तिथे पोचून नोंद केली की त्या दिवसापासून विमा सुरू. उषा खुशीत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, आजाराच्या रकान्यात काय लिहिलंस?
"कुठला रकाना?"
आजार आहे का, विचारतात ना.
"नाही हो. विचारतच नाहीत. सरकारी आहे ते. नवरा-बायको आहात, बस्स."
म्हणजे सहा आठवडे मी एका नसलेल्या प्रश्नाला घाबरून बसलो. मूर्ख, मूर्ख माणूस. एवढं फोनवर विचारलं असतं तर. पण विचारलं असतं तर तिने विचारलं असतं, का विचारताय. तिने आत्ताही विचारलंच. मी म्हटलं, सहज.
  शांतक्कांनी टीव्हीचा आवाज कमी केला.
"दत्तात्रय," उषा म्हणाली. "फोटोत वरचं बटण का लावलंय? तुम्ही कधी लावत नाही."

२८ सप्टेंबर, सोम.
काल टाळलं होतं; आज बूथवरून फोन करून तिला सांगितलं. सगळं, व्हर्निअरसकट. ओरडली नाही. उद्या जा, इतकंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२९ सप्टेंबर, मंगळ.
सुई झाली. मुंगी चावल्याइतकंच. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कुठे होता? 

३ ऑक्टोबर, शनि.
रिपोर्ट घेतला. बंद पाकीट. फोन चालू असताना उघडायचं, असं उषाने बजावलंय. उजेडाकडे धरून पाहिलं. टाइप केलेल्या ओळी बऱ्याच आहेत. काही नसतं तर एवढं कशाला टाइप केलं असतं? की नेहमी एवढंच असतं?
व्ह. घेतला नाही.

४ ऑक्टोबर, रवि.
सहा वीस. पाकीट खिशात. वरचं बटण उघडं ठेवलंय. फार भीती वाटतेय. शांतक्का खालून हाक मारतायत, "बेग बन्नी, फोन!" लवकर या म्हणून. दहा मिनिटं आधीच केलाय तिने.