नीसचं मीठ

प्रिय निकेत,

मे महिन्यात आपण सगळ्यांनी जायचं म्हणून तू पाठवलेले नीसचे फोटो मी आईला दाखवले. फ्रान्समधला तो पांढऱ्या गोट्यांचा किनारा तिने बराच वेळ पाहिला. निळ्या छत्र्यांखाली माणसं पहुडली होती.

"येवरा मीठ पिकलाय, न् ही लोका निजलीन कशी?" ती म्हणाली. "फावरा आन गो."

आणि साडी खोचून दाराकडे निघाली.

आपलं मिठागर बुजवून तिथे कंटेनर उभे राहिले, हे आता तिच्या ध्यानात राहत नाही. रोज पहाटे ती मीठ ओढायला निघते. मी मागोमाग जाते, कुंपणापाशी तिला बसवते आणि ऊन चढलं की परत आणते.

काल फोनवर तू म्हणालास, "ताई, तुलाही जरा आराम. आईजवळ तू असशीलच, म्हणून आम्हाला काळजी नाही." तू खरंच आनंदात होतास. तुझ्या पूनमने तर माझ्यासाठी उन्हाची टोपीही घेतली आहे.

मला नीसला नेऊ नकोस. ते आठ दिवस तू उरणला ये. पहाटे आईमागे तू जा, तिला तू भरव. मी पलीकडच्या खोलीत दार लावून झोपेन.

एवढं मागायला माझी जीभ उचलत नाही. तू म्हणशील, बाई ठेवू. परक्या हातचा घास आई थुंकून टाकते. हे पत्र इथेच राहील; दुपारी तुला फोनवर कळवीन की हॉटेल छान आहे, आम्हा दोघींना लिफ्टजवळची खोली घे.

तुझी,
हेमाताई