कडुलिंबाचा पाळणा

नांदेड, २ ऑगस्ट २०२५

ती. बसलिंगप्पादादांस, धाकट्या संगमेश्वरचा शरणार्थ वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. आपल्या अप्पांच्या समाधीवरचा लिंब गेल्या साली पडला, त्याचा पाळणा तुमच्या वर्षाराणीच्या बाळंतपणाआधी करायचा म्हणता. मग वायरची मशीन नको, शेतात लाइट कुठली? बॅटरीवरची, अठरा व्होल्टची घ्या. लाकूड कापायची जिगसॉ, ड्रिल आणि कुंपण छाटायची कात्री, तिन्हींना एकच बॅटरी चालते. अर्धा तास पुरते, मग चार्जिंग. आज दुकानातून एसटीने खोकं पाठवतोय. बोटं सांभाळा, वहिनींना रागवायला तुम्ही अख्खे हवेत.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

निलंगा, १२ ऑगस्ट

चि. संगमेश्वरास अनेक आशीर्वाद.

मशीन झकास आहे. अर्धा तास म्हणालास, इथे आठ दिवस झाले, एकदाही चार्ज केली नाही. बटण दाबलं की सुरू!

पण एक गोष्ट खटकते. मी खूण करतो एकीकडे, पातं वळतं दुसरीकडे. पाळण्याची पाठ उभी, उंच झाली. तुझी वहिनी गौरम्मा बघून म्हणाली, हा पाळणा न्हाई, आपल्यात गेलेल्या माणसाला समाधीकडं बसवून न्यायच्या विमानाची बैठक हाय. पोरीच्या काळजीने माझं जेवण तुटलंय.

लोभ असो, लवकर लिही.

नांदेड, १५ ऑगस्ट

ती. दादांस शरणार्थ.

काम आधी थांबवा. बॅटरी आणि चार्जर खोक्यात घालायचे राहूनच गेले. दोन्ही काउंटरखाली सापडले, आत्ता माझ्यासमोर आहेत. दादा, तुम्ही कशावर कापून राहिलात? आज टपाल बंद, म्हणून ही चिठ्ठी एसटीने पाठवतोय; सोमवारी पहाटे मोटारसायकलवर निघतो.

तुमचाच, संगमेश्वर

निलंगा, १७ ऑगस्ट, रविवार

चि. संगमेश्वरास आशीर्वाद.

वर्षाराणी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. पोर लुगड्याच्या झोळीत निजते.

मशीन उलटी करून पाहिली. बॅटरीची खाच रिकामी, आत कोळ्याचं जाळं. तेव्हापासून ती चालत नाही; तसंही काम पुरं झालं होतं. गौरम्माने सुतळीने घरातल्या सगळ्यांची मापं घेतली. त्या बैठकीला कुणाचंच बसेना. मग तिने दिवाळीत तू विसरलेला सदरा आणून पाठीला लावला. खांद्याला खांदा बरोबर जुळला.

दुपारपासून कुऱ्हाडीने फोडतोय, फुटत नाही. सकाळपासून गौरम्मा तुला फोन लावून राहिली, लागत नाही. ही चिठ्ठी संध्याकाळच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. बाबा रे, मी फार भ्यालोय. दरवेळी तुझा लोभ मागतो, आज एवढंच मागतो, उद्या येऊ नको.

दादा