काजव्यांच्या कॅम्पात अंधार

वांगणी, मेअखेर

ती. बुधाजीमामांस कमलेशचा दंडवत. गुडघा कसा आहे? मामी अजून निर्गुडीचा पाला बांधते, की तुम्ही तो हळूच सोडून शेतावर पळता? आम्ही इकडे हयात आहोत, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. (फोन तुम्ही उचलत नाही, उचललात तर उलटा धरता, म्हणून पत्र.)

मामा, माझ्या काजवा कॅम्पात यंदा काजवेच नाहीत. शनिवारी उल्हासनगरची मंडळी गाड्या भरभरून आली, जेवली, ऐनाच्या झाडांसमोर अंधारात खुर्च्या मांडून बसली. बॅटरी नको, मोबाइल नको, बोलणं नको, असं मीच बजावलेलं. बिचारे इतके शहाण्यासारखे बसले की मलाच रडू यायला लागलं. शेवटी एका काकांनी हळूच विचारलं, "भाई, शो कब चालू होगा?" तेवढ्यात शेंड्यात एक उजेड लुकलुकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिज्ञासा (तुमची भाचेसून, बोलणं कमी आणि टोचणं जास्त) म्हणाली, "विमान आहे."

झालं असं की, पर्यावरण जपायचं म्हणून मी प्लास्टिक बंद केलं, पत्रावळी आणल्या, दिवे काढले. तरी गेल्या वर्षी कुणीतरी नेटवर लिहिलं, जागा छान, पण झाडांखाली कचरा फार. कचरा म्हणजे पाचोळा हो! पण मला लागलं. ऐनाखालची जमीन खराट्याने अशी झाडून काढली की तिथे पंगत बसावी. पाचोळा जाळायचा नाही ही माझी शपथ, म्हणून तो टेम्पोत भरून तुम्हाला राबाला पाठवला. (तुम्ही तो भाताच्या वाफ्यावर पसरून भाजलात, आणि भाचा असावा तर असा, म्हणालात.) आता कॉलेजात किडे शिकवणाऱ्या सरस्वतीबाई सांगतात, काजव्यांची पिल्लं त्या ओल्या पाचोळ्यातच वाढतात. म्हणजे मामा, आपण दोघांनी मिळून काजवे भाजले. तुमच्यावर राग नाही. मला मात्र जेवण गोड लागत नाही.

मामीला नमस्कार.

आपला,
कमलेश

ता. क. तुमची नात ऋतिका म्हणते, तुमच्या विहिरीवरच्या उंबरावर यंदा काजवेच काजवे आहेत. पुढच्या शनिवारची मंडळी ठरून बसलीत, त्यांना मी काय दाखवू? एक रात्र ती जागा द्या. माणसं गुपचूप बसतील. खुर्च्यांपुरतं मी स्वतः झाडून घेईन.

ता. ता. क. जिज्ञासाने वरचं वाचलं. लगेच खराटा उचलला आणि माळ्यावर टाकला. पण शनिवारी मी येणारच, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. वाटेवर बैलगाडी आडवी लावून ठेवा, आणि मी कितीही गोड बोललो तरी नाही म्हणा.